तोफा, गहू आणि क्लासिकल लिबरल : सीमेपलीकडे उदारमतवाद टिकतो का?

कोरा_कागद (धागाकर्ता)

क्लासिकल लिबरल, म्हणजे कमी सरकार आणि मुक्त व्यापार मागणारा जुना उदारमतवादी, म्हटलं की चर्चा पाच मिनिटांत कर, अनुदान आणि खासगीकरण यावर येऊन अडकते. एक बाजू म्हणते सरकारने हात काढून घ्यावा, दुसरी विचारते मग गरिबांचं काय, आणि सगळे आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन बसतात. मला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची आहे. या विचाराची खरी परीक्षा सीमेपलीकडे होते असं माझं मत आहे. ज्या सरकारवर गव्हाचा भाव ठरवण्याइतकाही भरवसा नाही, त्यालाच दुसऱ्याच्या किनाऱ्यावर आरमार पाठवायची मोकळीक कशी द्यायची?

एक प्रसंग सांगतो. ऑक्टोबर १८५६, चीनमधलं कँटन बंदर. ‘अॅरो’ नावाचं एक लहान जहाज. मालक चिनी, खलाशी चिनी, पण नोंदणी हाँगकाँगची म्हणून वर ब्रिटिश झेंडा. चाचेगिरीच्या संशयावरून चिनी अधिकाऱ्यांनी १२ खलाशांना पकडलं. नोंदणीची मुदत काही दिवस आधीच संपली होती, म्हणजे झेंडा लावायचा हक्कही उरला नव्हता. हाँगकाँगच्या गव्हर्नरला हे ठाऊक होतं. तरी झेंड्याचा अपमान झाला, माफी मागा, असा हट्ट धरला गेला. खलाशी परत आले, माफी आली नाही, आणि आरमाराने तोफा डागायला सुरुवात केली. तिथून दुसरं अफूचं युद्ध.

आता हा गव्हर्नर कोण? जॉन बाउरिंग. इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमचा शिष्य, त्याच्या समग्र लेखनाचा संपादक, मुक्त व्यापाराचा जन्मभराचा प्रचारक. आणि पार्लमेंटमध्ये या कारवाईविरुद्ध ठराव मांडणारा कोण? रिचर्ड कॉब्डेन, म्हणजे मुक्त व्यापाराचा त्याहून मोठा प्रचारक. दोघे एकाच तालमीतले. एकाने व्यापार खुला करायला तोफा लावल्या, दुसऱ्याला त्या तोफा हाच व्यापाराचा घात वाटला. ३ मार्च १८५७ ला ठराव २६३ विरुद्ध २४७ मतांनी मंजूर झाला. पंतप्रधान पामरस्टनने लगेच निवडणूक लावली आणि देशाभिमानाच्या लाटेवर जिंकली. कॉब्डेन पडला. त्याचा जोडीदार जॉन ब्राइट खुद्द मँचेस्टरमध्ये पडला, ज्या गावाच्या नावाने त्यांचा सगळा पंथ ओळखला जात होता!

थोडं मागे जातो. १८१५ च्या धान्य कायद्याने देशातला गव्हाचा भाव क्वार्टरला (धान्याचं जुनं माप) ८० शिलिंगांवर पोहोचेपर्यंत बाहेरच्या गव्हाला बाजार बंद होता. फायदा जमीनदारांचा, आणि पार्लमेंटही बरंचसं त्यांचंच. मँचेस्टरमध्ये १८३० च्या दशकाच्या शेवटी त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि १८४६ मध्ये पंतप्रधान पीलने, स्वतःचा पक्ष फुटू देऊन, तो कायदा रद्द केला. इथवर शाळेतही शिकवतात. कॉब्डेनच्या डोक्यात मात्र स्वस्त धान्य आणि शांतता ही एकच मागणी होती. जकातीत मूठभरांचा लाभ ठळक दिसतो आणि तोटा लाखो घरांत वाटला जातो, म्हणून जकात टिकते. युद्धाचं गणित तेच. कंत्राटदार, बढतीची वाट पाहणारे अधिकारी, वसाहतीत नेमणूक शोधणारी खानदानी घराण्यांतली धाकटी मुलं यांना आपला लाभ नेमका माहीत असतो. पैसे भरणाऱ्याला आपण कशाचे भरतोय हेही कळत नाही. ब्रिटनमध्ये आयकर आला तोच १७९९ मध्ये, फ्रान्सविरुद्धच्या युद्धासाठी. १८१६ मध्ये गेला, १८४२ मध्ये ‘तीन वर्षांपुरता’ परत आला, तो अजून गेलेला नाही.

अॅडम स्मिथचं १७७६ चं पुस्तक लोक ‘अदृश्य हात’ या दोन शब्दांसाठी उचलतात, जे त्या जाडजूड ग्रंथात एकदाच येतात. पुस्तकाचा शेवट कशाने होतो? साम्राज्य परवडत नसेल तर सोडून द्या आणि आपल्या बेताने राहा, या सल्ल्याने. व्यापारी कंपनीने राज्य करणं हा तर त्याच्या मते राज्यकारभाराचा बहुधा सर्वांत वाईट प्रकार.

तर माझा मुद्दा एवढाच : देशात ‘सरकारला सगळं कळत नाही’ म्हणणारा माणूस परदेशात त्याच सरकारला सर्वज्ञ मानू लागला, तर त्याच्या उदारमतवादात काहीतरी पोकळ आहे. मतं वाचायला आवडतील.

वजनकाटा

वाचनखूण साठवली. पण आयकराचं उदाहरण तुम्ही स्वतःच्याच पायावर मारून घेतलं आहे. १८४२ मध्ये पीलने आयकर परत आणला तो युद्धासाठी नव्हे. जकाती कमी करायच्या होत्या, तिजोरीत खड्डा पडणार होता, तो भरायला आणला. म्हणजे तुमचा मुक्त व्यापार आयकराच्या खांद्यावर बसून आला.

कोरा_कागद

@वजनकाटा, बरोबर. १७९९ चं उदाहरण राहतं, १८४२ चं मागे घेतो. त्या निर्णयात चीन आणि अफगाणिस्तानातल्या मोहिमांचा खर्चही तिजोरीवर होता असं म्हणून थोडी लाज राखता येईल, पण मूळ आक्षेप मान्य.

सातवा_मजला

लेख चांगला आहे, पण गुलाबी आहे.

१८४६ साली ब्रिटनला मुक्त व्यापार सुचला, कारण तेव्हा गिरण्या त्याच्याकडे होत्या. जो शर्यतीत पुढे असतो तोच म्हणतो की अडथळे काढा. जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्टने १८४१ मध्येच सांगून ठेवलं होतं की वर पोहोचल्यावर शिडी लाथाडायची ही इंग्रजांची रीत आहे. अमेरिका आणि जर्मनी एकोणिसाव्या शतकात वाढले ते जकातींच्या आड राहून. इतिहासकार ई. एच. कार १९३९ मध्ये हेच म्हणतो : ‘सगळ्यांच्या हितसंबंधांचा आपोआप मेळ बसतो’ हे तत्त्वज्ञान, ज्यांचं आधीच बरं चाललंय त्यांना सोयीचं असतं. आंतरराष्ट्रीय राजकारणात शेवटी बळी तो कान पिळी. वर पंच नाही, पोलीस नाही.

आणि स्मिथ अर्धवट उद्धृत करू नका. नौकानयन कायदे (माल ब्रिटिश जहाजांतून नेण्याची सक्ती करणारे) व्यापाराला मारक आहेत हे कबूल करूनही तो त्यांची बाजू घेतो, कारण श्रीमंतीपेक्षा संरक्षण मोठं असं तो साफ लिहितो. तुमचा कुलगुरूच आम्हा वास्तववाद्यांकडे अर्धा येऊन बसला आहे.

राहता राहिलं १९१४ चं महायुद्ध, व्यापार असूनही झालेलं. ब्रिटन आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते. लंडनच्या विमा कंपन्या जर्मन जहाजांचा विमा उतरवत होत्या. इंग्रज लेखक नॉर्मन एंजेलने १९१० मध्ये सांगितलं की युद्ध आता अशक्य आहे, आणि चार वर्षांत खंदक खणले गेले. त्याला पुढे शांततेचं नोबेलही मिळालं, हा त्यातला विनोद.

कोरा_कागद

@सातवा_मजला, एंजेलवर हा अन्याय शंभर वर्षं चालू आहे. युद्ध अशक्य आहे असं त्याने म्हटलेलंच नाही. तो म्हणतो युद्ध निष्फळ आहे, जिंकणाऱ्यालाही. आधुनिक संपत्ती जमिनीत पुरलेली नसते, ती पत, करार आणि विश्वासात असते. प्रांत जिंकला तर तिथल्या लोकांची मालमत्ता तुमच्या खिशात येत नाही, लुटायला गेलात तर तुमचीच बँक हादरते. माणसं तरीही लढतील, कारण त्यांना हे समजत नाही, आणि त्या भ्रमावरच त्याने लिहिलं. १९१८ नंतर विजेत्यांच्या तिजोऱ्या पाहा. जर्मनीकडून नुकसानभरपाई वसूल करण्याच्या खटाटोपात काय झालं तेही पाहा. नोबेल १९३३ चं आहे, तोवर त्याचं म्हणणं कोणाला विनोदी वाटत नव्हतं.

दुसरं, १९१४ ला ‘मुक्त व्यापाराचं जग’ म्हणणं अर्धसत्य आहे. बिस्मार्कने १८७९ मध्ये जकाती चढवल्या, फ्रान्सने १८९२ मध्ये. व्यापार वाढत होता, पण प्रत्येक राजधानीत ‘बाजार आपल्या ताब्यात हवा, कच्चा माल आपल्या झेंड्याखाली हवा’ ही भाषा रुळली होती. ती बाउरिंगची भाषा आहे, कॉब्डेनची नव्हे. आणि जुलै १९१४ मध्ये बर्लिन, व्हिएन्ना, पीटर्सबर्गला निर्णय घेणाऱ्या खोल्यांत व्यापारी नव्हते. सेनापती होते, आणि त्यांच्या हातात रेल्वेची वेळापत्रकं होती.

लिस्टचा मुद्दा जड आहे, तो उडवून लावत नाही. फक्त एक विचारतो : संरक्षण कोणत्या उद्योगाला द्यायचं हे ठरवणार कोण? लिस्टच्या कागदावर तो निःस्वार्थी, दूरदृष्टीचा राजकारणी आहे. प्रत्यक्षात त्याच्या दारात रांग लागते, आणि ‘बाल उद्योग’ पन्नास वर्षांचे झाले तरी पाळण्यातच राहतात.

तिरकस_रेघ

एवढं कशाला लिहायचं? फ्रेंच अर्थतज्ज्ञ बास्टियाने एका वाक्यात संपवलंय : जिथून माल सीमा ओलांडत नाही तिथून सैन्य ओलांडतं.

वजनकाटा

ते वाक्य बास्टियाच्या नावावर खपतं, त्याच्या लेखनात सापडत नाही. त्याचंच हवं असेल तर उपहासाने लिहिलेला मेणबत्तीवाल्यांचा अर्ज घ्या : सूर्य फुकट उजेड देऊन आमचा धंदा बुडवतो, तेव्हा सगळ्या खिडक्या बंद करण्याचा कायदा करा. १८४५ चं आहे, आणि जकातीची मागणी करणारं कुठलंही निवेदन आजही त्यावर ठेवून वाचता येतं.

तिरकस_रेघ

घ्या. दहा वर्षं तोंडावर फेकत होतो ते वाक्य.

जुनी_वही

मी वेगळ्या बाजूने येते. सातवा_मजला यांची तक्रार अशी की उदारमतवादी भोळे आहेत. माझी तक्रार अशी की ते पुरेसे भोळे नव्हते.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. १८२३ ते १८५८, ३५ वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. ज्या प्रकाराला स्मिथने सर्वांत वाईट म्हटलं, त्याच कंपनीच्या कचेरीत बसून हा माणूस पत्रांचे मसुदे लिहीत होता. १८५९ मध्ये स्वातंत्र्यावरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ आला, आणि सुरुवातीच्याच प्रकरणात अपवाद : हे तत्त्व ‘रानटी’ समाजांना लागू नाही, त्यांच्यासाठी हुकूमशाही योग्य, फक्त हेतू त्यांच्या सुधारणेचा असावा. त्याच वर्षी परदेशात हस्तक्षेप न करण्यावर एक निबंध लिहिला, तिथेही तेच : नियम सुसंस्कृत राष्ट्रांत आपापसात पाळायचे. फ्रेंच विचारवंत टॉकव्हिल घ्या. अमेरिकी लोकशाहीत बहुमताची दंडेली ओळखणारा तीक्ष्ण डोळ्यांचा माणूस, आणि अल्जीरिया जिंकण्याच्या बाजूने ठाम. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने सहमतीशिवाय सत्ता नाही असं लिहिलं आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, याला तत्त्वज्ञानाची झूल चढवली की काय तयार होतं ते हे.

मग कॉब्डेन नियम की अपवाद? तुम्ही एक सरळ माणूस निवडलात आणि सगळ्या पंथाला त्याच्या नावाने प्रमाणपत्र दिलंत.

कोरा_कागद

@जुनी_वही, हा धाग्यातला सर्वांत अवघड प्रतिसाद आहे, त्यामुळे उशीर झाला.

अपवाद की नियम, तर मोजदाद केली तर कदाचित अपवाद. पण एकटा नाही. बेंथमने १७९३ मध्ये फ्रेंचांना उद्देशून लिहिलं : वसाहती सोडा, तुम्हाला जे हक्क प्रिय आहेत तेच त्यांचेही आहेत. (त्याचाच शिष्य बाउरिंग, हे पुन्हा आठवून बघा.) अमेरिकेने १८९८ च्या तहात स्पेनला दोन कोटी डॉलर देऊन फिलिपीन्स घेतलं, तेव्हा अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनरने १८९९ मध्ये येलमध्ये भाषण दिलं. विषयच असा की स्पेनने अमेरिकेला जिंकलं. रणांगणावर स्पेन हरला, पण दुसऱ्यांवर राज्य करण्याची त्याची रीत आपण उचलली, तर जिंकलं कोण? इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर म्हातारपणी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाविरुद्ध उभा राहिला आणि एकटा पडला.

मिलच्या बाबतीत मी बचाव करणार नाही. पण चूक कुठे झाली हे पाहण्यासारखं आहे. ‘अमुक माणूस अजून स्वातंत्र्याला लायक झालेला नाही’ हे ठरवण्याचा अधिकार त्याने राज्यकर्त्याकडे दिला. देशांतर्गत तो हा अधिकार कोणालाच देत नाही, सारा ग्रंथ त्याविरुद्धच आहे. म्हणजे नियम मोडला तो विचाराने नाही, अपवादाने. आता तुम्ही म्हणाल ही पळवाट आहे.

जुनी_वही

पळवाटच आहे, पण निदान दार दाखवून पळताय.

यात एक नाव जोडते. दादाभाई नौरोजी. १८९२ मध्ये लिबरल पक्षाच्या तिकिटावर सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटमध्ये गेले. १९०१ च्या ग्रंथात त्यांनी साम्राज्याला शिव्या घातल्या नाहीत, त्यांनी हिशोब मांडला : इतका पैसा दर वर्षी बाहेर जातो, मोबदल्यात काही येत नाही. आणि शीर्षकातच त्या राज्याला ‘अब्रिटिश’ म्हटलं. तुमचेच नियम, तुमचीच वही, आता बेरीज करून दाखवा. मिलने जो अपवाद केला, तो पुसायचं काम अपवाद ठरवल्या गेलेल्या माणसाने केलं. तुमच्या पंथाचे खरे वारसदार शोधायचे असतील तर मँचेस्टरच्या बाहेरही बघा.

कोरा_कागद

हे मूळ लेखात असायला हवं होतं.

उंबरठा

उशिरा आलो. इतिहास पुरे, आजचं बोला. रशियन गॅसवर जर्मनीने वर्षानुवर्षं हीच पैज लावली होती ना, की व्यापार वाढला की शेजारी निवळेल? नॉर्ड स्ट्रीम या समुद्राखालच्या गॅसनळांची पहिली जोडी २०११ मध्ये सुरू झाली, २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला, तरी दुसरी बांधायला घेतली, २०२२ मध्ये पूर्ण युद्ध. आणि मग निर्बंध. क्लासिकल लिबरल निर्बंधांच्या बाजूने की विरुद्ध? एका बाजूला हल्लेखोराशी सौदा, दुसऱ्या बाजूला सरकारने सांगायचं की कोणी कोणाशी व्यवहार करायचा. सोपं उत्तर देऊ नका.

कोरा_कागद

सोपं नाहीच. आधी गॅसबद्दल. दोन सरकारांनी, एका सरकारी मक्तेदार कंपनीमार्फत, नळाने बांधून घेतलेला सौदा हा कॉब्डेनच्या अर्थाने व्यापार नाही. त्याच्या व्यापारात हजारो विकणारे, हजारो घेणारे, आणि कोणाच्याही हातात चावी नाही. इथे चावी एकाच हातात होती. गॅसच्या पैशाने कारखानदारांचा स्वतंत्र वर्ग उभा राहत नाही, दरबार पोसला जातो. त्यामुळे ‘व्यापाराने शांतता येते’ हे वाक्य कसल्या व्यापाराने हे न विचारता वापरणं चूक होतं, आणि ही चूक उदारमतवाद्यांनीही केली.

निर्बंधांबद्दल माझं मन दुभागलेलं आहे. हल्ला करणाऱ्याला शस्त्रं आणि सुटे भाग विकू नका, हे मला चोरीचा माल घेऊ नका यासारखं वाटतं, त्यात अडचण नाही. पण सरसकट निर्बंधांत दंड कोणाला बसतो? राज्यकर्त्याला टंचाईत वाटपाची सत्ता मिळते, तीही वर ‘शत्रूमुळे हाल’ या सबबीसह. ज्यांच्यामुळे ती राजवट कधी बदलली असती ते मध्यम व्यापारी आधी बुडतात. मदत थेट आक्रमण झालेल्याला द्यावी असं मला वाटतं, आणि इथे कॉब्डेन माझ्या विरोधात जाईल हे माहीत आहे. तो क्रिमियाच्या पहिल्या युद्धाच्याही विरोधात होता.

सातवा_मजला

म्हणजे शेवटी शस्त्रं पाठवायची. या, बसा, आमच्या बाकावर जागा आहे.

कोरा_कागद

बाक तुमचा, पण हिशोब विचारत बसणार. किती काळ, कोणाच्या पैशाने, संसदेत मत झालं का, थांबायचं कधी. हे प्रश्न तुमच्या बाकावर सहसा विचारत नाहीत.

वजनकाटा

मूळ मुद्द्याकडे. एकतर्फी की करार करून, यावर कोणी बोललंच नाही. १८४६ एकतर्फी होतं : दुसरा जकात ठेवो न ठेवो, आपण आपली काढायची, कारण आपल्याच गिऱ्हाइकाला लुबाडण्यात शहाणपण नाही. १८६० चा फ्रान्सशी करार मात्र देवाणघेवाणीचा. अनेक कट्टर मुक्त व्यापारवाद्यांना तो तत्त्वभंग वाटला, आणि तो केला कॉब्डेननेच. पण त्यात एक कलम होतं, सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचं : उद्या तू तिसऱ्याला जी सवलत देशील ती मलाही आपोआप. या एका कलमाने साखळी लागली. फ्रान्सने पुढे इतरांशी करार केले की त्यांचा लाभ ब्रिटनला, ब्रिटनचा फ्रान्सला, आणि दहा-पंधरा वर्षांत निम्मा युरोप त्या जाळ्यात. तेच कलम १९४७ मध्ये २३ देशांनी केलेल्या गॅट या व्यापार करारात पहिलं आहे. मधल्या काळात, १९३० च्या अमेरिकी जकात कायद्याविरुद्ध हजाराहून जास्त अर्थतज्ज्ञांनी सही केलेलं पत्र होतं. राष्ट्राध्यक्ष हूव्हरने तरी कायद्यावर सही केली, इतरांनी बदला घेतला, आणि १९२९ ते १९३३ मध्ये जागतिक व्यापाराचं मूल्य एक तृतीयांशावर आलं. म्हणून मला तत्त्वाच्या शुद्धतेपेक्षा ते रुक्ष कलम जास्त आवडतं.

कोरा_कागद

सहमत, आणि त्या कराराची एक बाजू सांगतो. १८५९ मध्ये पामरस्टनने कॉब्डेनला मंत्रिपद देऊ केलं. ज्याला वर्षानुवर्षं झोडपलं त्याच्या मंत्रिमंडळात कसा बसू, म्हणून त्याने नाकारलं, आणि पॅरिसला वाटाघाटींसाठी गेला. करार जानेवारी १८६० मध्ये झाला, पण एकेका मालाचे दर ठरवत तो पुढे कित्येक महिने तिथेच राहिला. सुती कापडावर किती, लोखंडावर किती, रोज कागदांचे ढीग. आणि तो तिथे बसलेला असतानाच, जुलैमध्ये, पामरस्टनने पार्लमेंटमध्ये उभं राहून फ्रेंच हल्ल्याची भीती दाखवली आणि दक्षिण किनाऱ्यावर किल्ले बांधायला पैसे मागितले. कॉब्डेनची चडफड त्याच्या पत्रांत दिसते. किल्ले बांधले गेले. पोर्ट्समथच्या टेकडीवर आणि समुद्रात अजून उभे आहेत, लोक त्यांना ‘पामरस्टनचा खुळेपणा’ म्हणतात. त्यांच्यावरून फ्रेंचांवर एकदाही तोफ डागावी लागली नाही, कारण फ्रेंच आलेच नाहीत.

सातवा_मजला

किल्ले होते म्हणून आले नाहीत.

जुनी_वही

आणि तुम्ही दोघं अजून १८६० मध्येच आहात.